सातबाऱ्यावरचा 'आर' आणि पुस्तकातला न्यूटन : विज्ञानाची पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

सन्माननीय मंडळी,

सप्रेम नमस्कार.

विज्ञानाचा अभ्यासक्रम ठरवणारे, त्याची पुस्तकं लिहिणारे आणि त्यावर प्रश्नपत्रिका काढणारे अशा तुम्हा सर्वांना हे पत्र आहे. मी एकतीस वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं आणि बहुतेक उन्हाळे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासण्यात घालवले. 'एकक लिहिले नाही, अर्धा गुण वजा' हा नियम आपण सगळ्यांनी मिळून पोरांवर इमानेइतबारे चालवला. त्या अर्ध्या गुणाबद्दल मला आता बोलायचं आहे. निवृत्त माणसाला एवढी मुभा असावी.

गेल्या मे महिन्यात घरात वाटणीचं बोलणं चाललं होतं. माझा पुतण्या सातबाऱ्याचा उतारा घेऊन आला. अकरावी सायन्सला आहे, दहावीला विज्ञानात भरपूर गुण पडलेले. मीटर, किलोग्रॅम, सेकंद, ॲम्पिअर, केल्विन, मोल, कॅन्डेला ही सात मूलभूत एककं तो आमच्या पिढीने पावकी-निमकी म्हणावी तशी एका दमात म्हणून दाखवतो. उताऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात 'हे.आर.चौ.मी.' असं छापलेलं होतं आणि खाली आकडा होता १.२१.५०.

"काकू, ह्यात दोन टिंबं का?"

एका संख्येत दोन दशांश चिन्हं नसतात एवढं त्याला माहीत होतं, म्हणून त्याला तो छापखान्याचा घोटाळा वाटला होता. गावात कुणीतरी सांगितलं होतं, "आर म्हणजे आपला गुंठाच रे." म्हणून त्याने हिशेब केला : १२१ आर आणि वर अर्धा, म्हणजे साडेएकशे एकवीस गुंठे.

मी त्याला कागदावर शंभर मीटर बाजूचा चौरस काढायला लावला. तो हेक्टर. त्यात दहा मीटर बाजूचे चौरस किती बसतात? शंभर. त्यातला प्रत्येक एक आर. आणि एका आरमध्ये एक मीटर बाजूचे चौरस? पुन्हा शंभर. म्हणजे त्या दोन टिंबांच्या मधल्या आणि शेवटच्या घराला दोन-दोन अंक का दिलेत ते कळलं. आता टिंबं खोडून टाक म्हटलं. उरले १२१५०. तेवढे चौरस मीटर. बास. गणित संपलं, कारण करायला गणितच नव्हतं.

मग गुंठ्याकडे वळलो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, १०८९ चौरस फूट, मीटरमध्ये १०१.१७ चौरस मीटर. आर पुरता शंभर. फरक दिसायला चिमूटभर, पण १२१५० ला १०१.१७ ने भागलं तर गुंठे येतात १२०.१, म्हणजे ४० गुंठ्यांच्या एकराने सुमारे तीन एकर. 'आर म्हणजे गुंठाच' या सोयीच्या समजुतीने दीड हजार चौरस फुटांहून जास्त जमीन हवेत तयार केली होती. आमच्या तालुक्याच्या गावी तेवढ्यात माणूस घर बांधतो, पुढे तुळशीवृंदावनालाही जागा ठेवतो.

पुतण्या म्हणाला, "पण हे पुस्तकात नव्हतं." मी पुस्तक चाळलं. 'क्षेत्रफळ – चौरस मीटर' ही तक्त्यातली एक ओळ होती. तिच्याखाली 'घनफळ – घनमीटर', तिच्याखाली 'घनता', मग वेग, त्वरण, बल, दाब. डावीकडे राशी, उजवीकडे एकक. पाठ करा.

माझी तक्रार या तक्त्याशी आहे. आणि तिची सुरुवात, मला वाटतं, आपण या पद्धतीला मराठीत जे नाव दिलं तिथूनच होते.

'दशमान पद्धती'. नाव झकास आहे, जिभेवर बसतं. १९५७ च्या १ एप्रिलला नवे पैसे आले, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने नवी वजनं-मापं आली, आणि १९६२ पर्यंत शेर-मण कायद्याच्या बाहेर गेले. लोकांना समजावून सांगायचं तर 'सगळं दहाच्या पटीत' हेच सांगणं सोपं होतं, म्हणून तेच सांगितलं गेलं. पण त्यामुळे असा समज पक्का झाला की या पद्धतीचं मोठेपण दहामध्ये आहे. दहा ही सोय. खरी करामत वेगळी होती, आणि ती आपल्या नावात आलीच नाही.

माझ्या आईच्या घरी धान्य पायलीने मोजत. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. दुप्पट-दुप्पट जाणारी अतिशय सुटसुटीत मांडणी आहे ही, आणि निम्मं-निम्मं वाटायला दहापेक्षा सोयीची. अडचण दुसरीच होती. मापाचा शेर एक आणि तोलाचा शेर वेगळा. तोलाचा ऐंशी तोळ्यांचा शेर, आजच्या हिशेबात ९३३ ग्रॅम. मापाच्या शेरात ज्वारी घातली तर एक वजन, बाजरी घातली तर दुसरं. पायलीचा हाताशी, गजाशी काही संबंध नव्हता. लांबीचं कोष्टक वेगळं, मापाचं वेगळं, तोलाचं वेगळं, आणि त्या तिघांची एकमेकांशी बोलचाल नाही.

१७९० च्या दशकात फ्रान्समध्ये जे ठरलं ते हे की तिघांना एकाच घरात नांदवायचं. आधी मीटर ठरवला, पृथ्वीच्या ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग. दलाम्ब्र आणि मेशँ हे दोघे खगोलशास्त्रज्ञ डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत १७९२ ते १७९८ अशी सहा-सात वर्षं राज्यक्रांतीच्या धुमश्चक्रीत ते अंतर मोजत फिरले. त्या मीटरचा दहावा भाग घेऊन त्याचा घन केला की तो लिटर. त्यात पाणी भरलं की त्याचं वजन किलोग्रॅम. फूटपट्टीतूनच माप निघालं आणि मापातूनच तराजूचं वजन. 'साधित' म्हणजे दुसऱ्या एककांपासून बनवलेलं, या शब्दाचा सगळा अर्थ या एका घटनेत आहे. (याच लोकांनी दहा तासांचा दिवसही करून पाहिला होता. १७९३ साली आणला आणि दोन वर्षांत गुंडाळला. म्हणून आपली घड्याळं अजून साठाच्या हिशेबात चालतात, आणि विजेचं 'युनिट' ३६ लाख जूल असा अडनिडा आकडा होऊन बसतं. त्याच्याकडे येतेच.)

आता मला सांगा, 'न्यूटन = किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद वर्ग' हे पाठ करणाऱ्या मुलाला 'सेकंद वर्ग' म्हणजे काय वाटत असेल? मीटर वर्ग डोळ्यांसमोर आणता येतो, शेताचा तुकडा आहे तो. सेकंदाचा चौरस कुणी पाहिलाय? माझ्या वर्गात दरवर्षी एखादं पोरगं हे विचारायचं, आणि सुरुवातीची काही वर्षं मी त्याला "तसं सूत्र आहे" म्हणून खाली बसवलं. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढे मी एसटी वापरायला लागले. एसटी स्टँडवरून सुटली आणि दहा सेकंदांत ताशी ३६ किलोमीटरवर गेली. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. म्हणजे वेग दर सेकंदाला 'सेकंदाला एक मीटर' एवढा वाढला. या वाक्यात 'सेकंदाला' दोनदा आलं की नाही? तोच तो वर्ग. भागिले सेकंद, पुन्हा भागिले सेकंद. चौरस वगैरे काही नाही, एकच शब्द दोनदा उच्चारलाय. एवढं झालं की पोरांचे चेहरे सैल व्हायचे.

मग पुढचं आपोआप उलगडतं. गाडीचं वस्तुमान माणसांसकट पंधरा हजार किलोग्रॅम धरा. त्वरण एक. गुणाकार पंधरा हजार, तेवढे न्यूटन बल. या दहा सेकंदांत गाडी किती गेली? शून्यापासून दहापर्यंत वेग, सरासरी पाच, म्हणजे ५० मीटर. बल गुणिले अंतर : साडेसात लाख जूल. ते काम दहा सेकंदांत झालं, म्हणजे सेकंदाला ७५ हजार जूल, म्हणजे ७५ हजार वॅट, ७५ किलोवॅट. जुन्या भाषेत साधारण शंभर हॉर्सपॉवर. घर्षण आणि वारा सोडून दिलाय, तरी शंभर हा आकडा ड्रायव्हरकाकांना विचारून पडताळता येण्याजोगा आहे. एका वाक्यातून न्यूटन, जूल आणि वॅट तिघे बाहेर पडले, आणि कुठेही '३.२८ ने गुणा' किंवा '५५० ने भागा' आलं नाही. हॉर्सपॉवरची मूळ व्याख्या सेकंदाला ५५० फूट-पाउंड अशी आहे. तिथे तो ५५० पाठ करावाच लागतो. इथे प्रत्येक पायरीवर गुणक एक. एक किलो, एक मीटर, एक सेकंद यांच्यापासून निघालात की एक न्यूटन, एक जूल, एक वॅट असे एकाचेच आकडे मिळत जातात. पद्धतीचं मोठेपण आहे ते इथे. दहा तर नंतर येतो, किलो-मेगा लावताना.

हे पुस्तकात का नसावं? बल एका प्रकरणात येतं, कार्य आणि ऊर्जा दुसऱ्यात, विजेची शक्ती पुढच्या वर्षी. प्रत्येक ठिकाणी एकक नव्याने 'सांगितलं' जातं. जूल आणि वॅट हे दोन पाहुणे वेगवेगळ्या गाडीने उतरतात आणि मुलाला त्यांचं नातं कधी कळतच नाही.

त्याचा परिणाम वर्तमानपत्रांत रोज दिसतो. घरगुती विजेच्या बिलातलं युनिट म्हणजे किलोवॅट-तास. बातमीत मात्र सर्रास छापलेलं असतं 'किलोवॅट प्रति तास'. लिहिणाऱ्याने नक्कीच दहावी केलेली असते आणि एककाचा अर्धा गुणही मिळवलेला असतो. पण 'प्रति' म्हणजे भागाकार, आणि इथे गुणाकार आहे, हे त्याला खुपत नाही. दर महिन्याला शंभर रुपये आणि शंभर रुपये गुणिले महिने यांतला फरक ज्याला पगाराच्या बाबतीत झोपेतही कळतो, त्याला विजेच्या बाबतीत कळत नाही, कारण एकक हे वाचायचं असतं असं त्याला आपण कधी शिकवलंच नाही. एकक म्हणजे उत्तराच्या मागे लावायचं शेपूट, गुण वाचवण्यासाठी. गंमत म्हणजे ऊर्जेच्या या एककाला लोकांनी नावच 'युनिट' दिलंय. एका मुलाने 'विद्युत ऊर्जेचे एकक : युनिट' असं लिहिलेलं मी स्वतः चूक दिलंय. आज वाटतं, अर्धा गुण द्यायला हवा होता.

त्याच युनिटचं एक गणित करून दाखवते, कारण असं गणित मला पुस्तकात कधी सापडलं नाही. विहिरीत पाणी वीस मीटरवर आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, ते वर काढायला ९.८ गुणिले २०, म्हणजे १९६ जूल. एका युनिटात ३६ लाख जूल. भागाकार करा : सुमारे १८ हजार लिटर. पंप शंभर टक्के कार्यक्षम असेल तर. आता आपल्या पंपाने एका युनिटात खरोखर किती पाणी निघतं ते टाकी भरून मोजा, आणि पंपाने किती वीज वाया घालवली ते काढा. यात वस्तुमान, बल, ऊर्जा आणि कार्यक्षमता सगळं आलं, आणि ज्याच्या घरी पाच हॉर्सपॉवरची मोटर आहे त्या पोराला ते आयुष्यभर लक्षात राहील.

परीक्षेबद्दल माझी सूचना सरळ आहे. 'दाबाचे एसआय (म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीतले) एकक कोणते?' हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी विचारा : लंबकाच्या आंदोलनकालाचं सूत्र लिहिताना एका विद्यार्थिनीला आठवेना की वर्गमुळाखाली लांबी भागिले गुरुत्वत्वरण आहे की गुरुत्वत्वरण भागिले लांबी. तू तिला कसं सांगशील? मीटरला मीटर-प्रति-सेकंद-वर्गाने भागलं की सेकंद वर्ग उरतो, त्याचं मूळ सेकंद. उलटं केलं तर सेकंद खाली जातो. सूत्र न आठवता उत्तर मिळालं. मात्र त्याच बरोबर हेही सांगा की एककं सगळ्या चुका पकडत नाहीत. लंबकाच्या सूत्रातला दोन पाय (2π) किंवा गतिज ऊर्जेतला 'एक छेद दोन' विसरला तर एककं चकार शब्द काढणार नाहीत.

आता मूलभूत एककांकडे. इथे पुस्तक मला जरा जास्तच सोवळं वाटतं. 'मूलभूत राशी दुसऱ्या कोणत्याही राशीवर अवलंबून नसतात' हे वाक्य मी स्वतः फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं. मुलांना त्यातून असं वाटतं की निसर्गानेच सात खांब रोवून ठेवलेत. खांब माणसांनी ठरवले आहेत, आणि बैठकीत बसून ठरवले आहेत. १९६० साली 'एसआय' हे नाव पक्कं झालं तेव्हा ते सहाच होते. सातवा मोल, १९७१ ला आला. कोनाचा रेडियन आणि घनकोनाचा स्टेरेडियन हे दोघे धड मूलभूत नाहीत, धड साधित नाहीत अशा 'पूरक' नावाच्या वेगळ्या ओसरीवर बसवलेले होते. १९९५ ला ती ओसरी मोडली आणि दोघांना साधितांच्या पंक्तीला नेऊन बसवलं. प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक कॅन्डेला मूलभूत का, याचं उत्तर तर माणसाच्या डोळ्यापाशी जातं, त्यात मी शिरत नाही.

आणि ॲम्पिअर! विद्युतप्रभार ही जास्त मुळातली गोष्ट, धारा म्हणजे सेकंदाला किती प्रभार वाहिला ते. मग मूलभूत एकक प्रभाराचं, म्हणजे कूलोम, हवं ना? हुशार मुलं हे विचारतात. खरं कारण प्रयोगशाळेतलं आहे : तारेतून वाहणारी धारा काटेकोरपणे मोजणं प्रभार मोजण्यापेक्षा सोपं होतं. एक मीटर अंतरावरच्या दोन समांतर तारांमधल्या बलावरून ॲम्पिअर ठरवला होता. म्हणजे जो कुणावरही अवलंबून नाही म्हणून आपण शिकवत होतो, त्याच्या व्याख्येतच मीटर आणि न्यूटन बसलेले होते.

१९८३ पासून मीटरही सेकंदावर उभा आहे : प्रकाश निर्वातात सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर जातो तो एक मीटर. आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमसुद्धा. पॅरिसजवळ सेव्हर इथे तिजोरीत ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल १८८९ पासून किलोग्रॅम 'होता'. त्याच्या अधिकृत प्रती देशोदेशी दिलेल्या. आपली ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शंभर वर्षांत मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडत गेला. कोण हलका झाला आणि कोण जड हे सांगायला सोय नव्हती, कारण व्याख्येप्रमाणे सेव्हरचा ठोकळा चुकूच शकत नव्हता! शेवटी नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हर्साय इथे मतदान झालं, प्लांकचा स्थिरांक म्हणून निसर्गात कायम सारखी राहणारी जी राशी आहे तिची किंमत कायमची ठरवली गेली आणि किलोग्रॅम त्यातून काढायचा असं ठरलं. प्लांकच्या स्थिरांकाचं एकक किलोग्रॅम मीटर वर्ग प्रति सेकंद. त्यामुळे मीटर आणि सेकंद आधी हवेत, मगच किलोग्रॅम मिळतो.

हा प्रसंग विज्ञानाच्या तासाला गोष्टीसारखा सांगता येतो. मी निवृत्तीच्या आधी एकदा सांगितला, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला : "मग बाई, आता किलो ठेवलाय कुठे?" याहून चांगला प्रश्न मी एकतीस वर्षांत ऐकलेला नाही. आणि माझ्या हाती अलीकडेच पडलेल्या एका गाईडमध्ये किलोग्रॅमची व्याख्या अजून तोच ठोकळा आहे.

खास नावं असलेली साधित एककं बावीस आहेत. तीही तक्त्यात नुसती माणसांच्या आडनावांची यादी होऊन येतात. त्यांतल्या काही जोड्या मुलांना दाखवायला हव्यात. हर्ट्झ आणि बेक्वेरेल : दोन्ही 'एक भागिले सेकंद'. पण हर्ट्झ नियमित कंपनांसाठी, बेक्वेरेल किरणोत्सर्गी अणू किती फुटले त्यासाठी. ग्रे आणि सीव्हर्ट : दोन्ही जूल प्रति किलोग्रॅम. शरीराने किरणांची किती ऊर्जा शोषली ते ग्रे सांगतो. त्या प्रकारच्या किरणांनी जिवाला अपाय किती, हे सीव्हर्ट. एकच एकक लिहिलं असतं तर दवाखान्यात कुणीतरी कधीतरी गफलत केली असती आणि ती माणसाच्या अंगावर आली असती. म्हणून मुद्दाम दोन नावं ठेवली. पाना फिरवताना लागणारं आघूर्णही न्यूटन-मीटरमध्येच, पण त्याला जूल म्हणायचं नाही. म्हणजे मिती सारखी असली तरी वस्तू सारखी असेलच असं नाही, हे या पद्धतीनेच कबूल केलंय. पाठांतराच्या तक्त्यात ही कबुली हरवते.

वजन आणि वस्तुमानाबद्दल फार लिहीत नाही. पुस्तक म्हणतं वजन न्यूटनमध्ये सांगा. वाणी, डॉक्टर आणि पुस्तक लिहिणारे आपण सगळे घरी गेल्यावर ते किलोमध्येच सांगतो. भांडण मिटणारं नाही. फक्त मुलाला एकदा शंभर ग्रॅमचा पेरू तळहातावर धरायला द्या आणि सांगा, हाताला जाणवतो तो साधारण एक न्यूटन. मग तो पेरू खाऊ द्या.

चिन्हांबद्दल मात्र निर्णय हवा. मराठी माध्यमात आपण काही ठिकाणी देवनागरी संक्षेप वापरतो, काही ठिकाणी रोमन. 'से' म्हणजे सेकंद, 'सेमी'तला 'से' म्हणजे शतांश, आणि 'अंश से' म्हणजे सेल्सिअस. 'मि' म्हणजे मिनिट आणि 'मि' म्हणजे सहस्रांशही. 'मी' म्हणजे मीटर, आणि निबंधाच्या वहीत 'मी' म्हणजे मी. माझं मत विचाराल तर गणितात जगभर चालणारी रोमन चिन्हं वापरा आणि वाक्यात पूर्ण मराठी शब्द लिहा. मधली संक्षेपांची खिचडी नको. रोमनमध्येही शिस्त आहे, ती शिकवावी लागेल : किलोचा 'के' लहान, केल्विनचा 'के' मोठा, लहान 'एम' मिली आणि मीटर, मोठा 'एम' मेगा. दुकानांच्या पाट्यांवर सगळंच मोठ्या अक्षरांत असतं. पुस्तकात तरी नसावं.

एवढं सगळं एका वर्षात बदलणार नाही हे मला कळतं. पण पुढची आवृत्ती निघेल तेव्हा तो तक्ता प्रकरणाच्या सुरुवातीला न ठेवता शेवटी रिकामा ठेवून बघा. डावीकडे राशी द्या, उजवीकडची घरं मुलांना भरू द्या, मागे वळून, स्वतः बांधून. आणि क्षेत्रफळाच्या ओळीपाशी सातबाऱ्याच्या रकान्याचं एक छोटं चित्र टाका, त्या दोन टिंबांसह. शहरातल्या मुलांसाठी विजेचं बिल चालेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका

ता. क. : प्रश्नपत्रिकेसाठी एक प्रश्न सुचवते. पावसाळ्यात कोयनेचं पाणी टीएमसीत छापून येतं, जायकवाडीचं बऱ्याचदा दलघमीत. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. वाळू-खडीचा ब्रास शंभर घनफुटांचा, म्हणून एक टीएमसी म्हणजे बरोबर एक कोटी ब्रास पाणी, आणि त्यापुढे ते कशाशीच जुळत नाही. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, शंभर मीटर बाजूचा पाण्याचा ठोकळा. तर प्रश्न असा : हजार चौरस किलोमीटर पाणलोटात एक मिलिमीटर पाऊस पडला, थेंबही मुरला नाही की उडाला नाही, तर धरणात किती दलघमी पाणी येईल? पुतण्याला विचारला. त्याने पेन उचललं, मिलिमीटरचे मीटर केले, चौरस किलोमीटरचे चौरस मीटर केले, शून्यं काटली आणि माझ्याकडे संशयाने बघत म्हणाला, "एक? काकू, एवढंच?"